तलासमधली सून

१२ ऑक्टोबर, शनिवार

जाझगुल,

पेटीत अदिनाचा कोट आहे आणि खाली फडक्यात बांधलेलं, वाळवलेल्या दह्याचं कुरुत आहे. कुरुतात मीठ जास्त झालंय हे मला ठाऊक आहे, ते मला कळवायची तसदी घेऊ नकोस. कोट अंदाजानं शिवलाय. पोरीला बघून दीड वर्ष झालं, बाही किती लांब धरायची ते कुणाला विचारणार? शेजारची पाच वर्षांची पोर पकडून आणली आणि तिच्या अंगाला लावून कापड कापलं. ती सारखी वळवळत होती. तेव्हा एक बाही तिरकी निघाली तर दोष तिचा.

रोज फोनवर तुझा आवाज येतो, मग हे कागदाचं खूळ कशाला, असं म्हणशील. कोट फोनमधून जात नाही म्हणून. मामातीसाचा निळा टेम्पो आज कोचकोरच्या बाजारातून बाटकेनला परत चाललाय, तुझे जर्दाळू आणले तोच. तुझा पत्ता मागितला तर तू म्हणतेस, 'नंतर सांगते, अपा.' आणि तो म्हणतो, 'ज्या बाईनं पेटी दिली ती मला तिकडच्या बाजारात भेटते, तिच्याच हातात देईन.' दोघं मिळून मला खुळी समजता. समजा.

तुझी जर्दाळूंची पेटी आली त्या दिवशी मी अंगणातच बसले होते. वर नाव नाही, गाव नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं पांढऱ्या छातीचा कुत्रा काढलेला होता, पाच पायांचा. आमच्या अक्तोशचे पाय ज्याला मोजता येत नाहीत असं जगात एकच माणूस आहे. मी ते झाकण कापून आरशामागे ठेवलं आणि जर्दाळू बशीत काढले.

एर्मेक शुक्रवारी आला होता. लेक आहे, येणारच. त्यानं एक जर्दाळू तोंडात टाकला आणि म्हणाला, "बाटकेनचे दिसतात."

"मग बाजारात काय चंद्रावरचे मिळतात?" मी म्हटलं.

तो हसला. त्याला काही कळलेलं नाही, तू घाबरू नकोस. तो आपला तालुक्याला फोन दुरुस्त करत बसतो, दर शुक्रवारी येतो, जेवतो, माझा फोन पुसून-बिसून देतो आणि जातो. तुझं नाव तो काढत नाही, मीही काढत नाही.

आणि त्यानंतरच्या बुधवारी तुझा आवाज आला. 'अपा, मी जाझगुल. हा नवा नंबर आहे, कुणाला सांगू नका. फोन लावू नका, बाजूला लोक असतात. असे आवाजच पाठवत जा.' मी तो सात वेळा ऐकला. तू इतकं सरळ माझ्याशी कधी बोलली होतीस, सांग बरं? पाच वर्षं सून म्हणून माझ्या घरात होतीस, 'हो अपा' आणि 'नाही अपा' ह्यापलीकडे काही नाही. आता रोज विचारतेस, 'अपा, जेवलात का?' परवा म्हणालीस, 'झालं गेलं मी सगळं विसरले, अपा.' तेव्हा मी फोन टेबलावर ठेवला आणि गायीकडे गेले. गायीला काही नको होतं. मी तिथे उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू?

कोट बसला का ते कळव.

तुझी अपा

२६ ऑक्टोबर, शनिवार

जाझगुल,

तीच पेटी पुन्हा पाठवतेय. मामातीसानं ती आज जशीच्या तशी परत आणली. सुतळीची गाठसुद्धा माझीच. म्हणाला, "बाई बाजारात आलीच नाही, अपा. दोन्ही खेपा वाट बघितली."

ह्यात काही विशेष नाही. पोर आजारी असेल, कामावर सुट्टी मिळाली नसेल. विशेष हे आहे, की गेल्या रविवारी मी तुला आवाज पाठवून विचारलं होतं, कोट कसा झाला. आणि तू म्हणालीस, 'अगदी बरोबर बसला, अपा. अदिना अंगातून काढायलाच तयार नाही.'

कोट तेव्हा मामातीसाच्या टेम्पोत, सीटखाली होता.

मी स्वतःची समजूत घातली. तू माझं मन राखायला तसं म्हणाली असशील. म्हातारीनं एवढं शिवलंय, कशाला वाईट वाटू द्यायचं. पण तू मन राखणाऱ्यातली नाहीस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या पावाला तू 'कडक' म्हणाली होतीस. म्हणून विचारतेय, राग मानू नकोस. दुसरंही विचारायचं आहे.

मी म्हटलं, पोरीचा आवाज ऐकव. तू ऐकवलास. अदिनानं ते शेळीचं गाणं म्हटलं, पहिल्या दोन ओळी. किती गोड म्हटलं. 'र'ला 'ल' म्हणत. मी शेजारणीलाही ऐकवलं. ती म्हणाली, "बाई गं, अजून बोबडीच आहे? माझी पोर तिच्याच वयाची, ती आता मला उलट उत्तरं देते." मी म्हटलं, काही पोरं उशिरा सुधारतात. मग घरी येऊन पुन्हा ऐकलं. गाण्याच्या शेवटी, अगदी टोकाला, कुत्रा एकदा भुंकतो. जाझगुल, मी अक्तोशला अकरा वर्षं ओळखते. तो अक्तोश होता.

तुझ्याकडे अक्तोश कसा असेल? तो माझ्या दारात बसलाय.

आणि तुझ्यामागे कसलाच आवाज नसतो. भांडं नाही, गाडी नाही, वारा नाही. तू बोलायच्या आधी नाकानं श्वास ओढायचीस, मला त्याची चीड यायची. आता ओढत नाहीस. 'अपा' म्हणतेस ते रोज एकाच मापाचं. अक्तोश पहिल्या दिवशी तुझ्या आवाजाला शेपूट हलवत फोनपाशी आला होता. आता तू बोलायला लागलीस की उठून गोठ्याकडे निघून जातो.

माझं काहीतरी बिनसलं असेल. एकटं राहिलं की असं होतं. पण तू खरंच तूच आहेस ना, एवढं एका कागदावर लिहून पाठव. तुझं अक्षर घाणेरडं आहे, मी ओळखीन.

एक सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी मी तुला जर्दाळूंबद्दल 'बरं वाटलं' म्हटलं होतं. तू म्हणालीस, 'कुठले जर्दाळू?' मग लगेच दुसरा आवाज आला, 'हो हो, ते. नीट पोचले ना? कुणाच्या गाडीनं आले?' मी सांगितलं. टेम्पोचा रंग सांगितला, मामातीसाचं नाव सांगितलं, तो कुठल्या वारी येतो ते सांगितलं. तूच पाठवलेले जर्दाळू, तुलाच मी सांगत बसले.

अपा

९ नोव्हेंबर, शनिवार

जाझगुल,

आधी कामाचं. हे हातात पडेल त्या दिवशी ते गाव सोड. पोरीला घे, कोट घे, बाकी राहू दे. कुठे जाते आहेस ते मामातीसालाही सांगू नकोस आणि मलाही कळवू नकोस. मला कळलं तर मी पुन्हा जर्दाळूंसारखे कुणाचे तरी आभार मानीन आणि सगळं सांगून बसेन.

आता ते कसं झालं ते सांगते.

गुरुवारी मी कुबातच्या नावानं कणकेचे बोरसोक तळत होते. मोठा लेक जाऊन चार वर्षं झाली, मी एकही गुरुवार चुकवलेला नाही. त्याला तिकडे तेलाचा वास मिळतो असं आपण म्हणतो, मिळत असेल. तेवढ्यात फोन वाजला, तुझा आवाज आला. 'अपा, आज कुबात-अकेंसाठी बोरसोक तळलेत का?'

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. कढईतले बोरसोक काळे झाले.

तू त्याचं नाव घेतलंस. मी ह्या घरात आले तेव्हा माझ्या सासूनं मला एका दुपारी अकरा नावं शिकवली होती, जी मरेपर्यंत तोंडातून काढायची नाहीत, सासरा, दीर, चुलत दीर. तू आलीस तेव्हा मी तुला सात शिकवली. शहरातल्या मुली हसतात, म्हणून मला वाटलं तूही हसशील. तू हसली नाहीस. तुझ्या वरातीत कुबात घोड्यावर बसून दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत पुढे चालला होता, म्हणून तू त्याला 'शिट्टी-अके' म्हणायला लागलीस. तो गेला, त्याला पुरलं, तरी तुझ्या तोंडात शिट्टी-अकेच. मयताच्या दिवशी तू आक्रोश केलास तोही 'शिट्टी-अके' म्हणूनच, आणि शोक करायला आलेल्या बायका भर दुःखात एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या.

माझी सून कुबातचं नाव घेणार नाही. भिंतीला टेकवून मारलं तरी घेणार नाही. आणि हे मी उगीच म्हणत नाही.

मग नाव कोण घेईल? जो जन्मापासून दादा म्हणून त्याला कुबात-अके हाक मारत आला तो, त्याचा धाकटा भाऊ. घरातल्या बायका पुरुषांना काय म्हणतात ते घरातल्या पुरुषांनी कधी कान देऊन ऐकलंय? आम्ही सात-सात, अकरा-अकरा नावं तोंडात धरून जगतो आणि त्यांना वाटतं, बायका नुसत्या चुलीपाशी कुजबुजतात.

तरी मी आई आहे. लगेच विश्वास ठेवला नाही. शुक्रवारी सकाळी कुऱ्हाड घेतली आणि शेगडीच्या धुराड्याला खालच्या वाकणापाशी एक घाव घातला. घर धुरानं भरलं. मग तुला, म्हणजे त्या आवाजाला, सांगितलं, 'धुराडं फुटलंय गं, डोळे चुरचुरतात. एर्मेकला कळवलेलं नाही, तो कामात असतो.' दुसऱ्या जिवंत माणसाला मी हे सांगितलं नाही. शेजारीण आली तर तिला दारातूनच परत लावलं.

दुपारी एर्मेक आला. हातात नवं धुराडं. खालच्या वाकणासकट, बरोबर मापाचं.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"बाजारात दिसलं. म्हटलं थंडी येतेय, आपलं जुनं झालंय." मग वर बघून म्हणाला, "अरे, हे तर फुटलंच आहे. बरं झालं आणलं."

"बरं झालं," मी म्हटलं.

त्यानं बाह्या वर केल्या आणि तासभर काम केलं. जुनं उतरवलं, नवं बसवलं, फटीला माती लावली. कोपरापर्यंत काजळी. मला म्हणाला, "तू धुरात बसू नकोस गं, बाहेर जा." ते त्यानं मनापासून म्हटलं, जाझगुल. तो मला कधी वाईट बोलत नाही. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. मग त्याला पाणी दिलं आणि मांस घालून नूडल्स वाढले, आणि त्याला मागून वाढले.

तुझे जुने आवाज त्याच्याकडे असतील. लग्नाआधीचे, अदिना लहान असतानाचे. त्यातून तो तुझं तोंड करतो, म्हणजे तुझ्या आवाजात नवी वाक्यं बनवतो, आणि मला हवं ते ऐकवतो. हे कसं करतात मला माहीत नाही, पण शेजारणीचा जावई म्हणाला, आता कुणीही करतं, काही अवघड नाही.

आज बाजारात मामातीसाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "अपा, मागच्या खेपेला एक माणूस आला होता, बाईचा नवरा म्हणाला. मी म्हटलं, दादा, मी पेट्या पोचवतो, बायका नाही पोचवत. पण मी कुठल्या बाजारात उभा राहतो ते त्यानं आधीच कुणाला तरी विचारलं होतं." तो कुणी म्हणजे मी.

आता जे कधी सांगितलं नाही ते. तू निघून गेलीस त्याच्या आदल्या रविवारची दुपार. मी पडवीत दुधाचं यंत्र फिरवत होते, मलई काढायचं. आतून आवाज येत होता. आधी एर्मेकचा, मग तुझा, मग नुसता धपधप. माझं यंत्र घरघरत होतं. मी सगळ्यांना हेच सांगितलं, यंत्राच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. तू बाहेर आलीस, ओठ फुटलेला, पोरीला कडेवर घेऊन. माझ्याकडे बघितलंस. मग यंत्रावरच्या भांड्याकडे बघितलंस.

भांडं रिकामं होतं. दूध केव्हाच संपलं होतं. मी रिकामं यंत्र फिरवत होते, जोरजोरात.

तू पाहिलंस हे मला माहीत आहे. म्हणून तर, 'झालं गेलं विसरले' हे तू म्हणालीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू ते कधी म्हणाली नसतीस. मला ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकलं.

निघ. आजच निघ.

७ डिसेंबर, शनिवार

जाझगुल,

मामातीसा म्हणाला, तिन्ही पत्रं आणि कोट त्यानं तुझ्या हातात दिला. तू तिथेच उभ्यानं वाचलंस. मग पोरीला कोट घालून बघितलास आणि म्हणालीस, "बाह्या आखूड झाल्यात." हे ऐकून मी त्याला चहा पाजला आणि वर लोण्याचा डबा दिला. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा खात्री पटली, की माझी सून जिवंत आहे.

तू गाव बदललंस एवढंच तो म्हणाला. बस्स. हे पत्र त्याच्या बहिणीकडे पडून राहील, तू येशील तेव्हा घे.

इकडचं ऐक. ९ नोव्हेंबरला मी बाजारातून घरी आले ती थेट फोनपाशी बसले. त्या आवाजाला म्हटलं, 'अगं, तू बाटकेन सोडून तलासला राजमा निवडायला जाणार होतीस ना, गेलीस का?' मग आलं, 'कुणी सांगितलं, अपा?' मी म्हटलं, 'तूच नाही का म्हणालीस? विसरभोळी कुठली. एका बाईकडे खोली मिळाली म्हणालीस, तिच्याकडे हंस आहेत, पोरीला चावतात.' त्यावर, 'हो अपा, गेले मी. कुठली खोली म्हटलं होतं मी तुम्हाला?'

ह्या वयात मला इतकं खोटं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. गिरणीच्या मागची गल्ली, हिरवं फाटक, दोन चिनार. मी सांगत गेले आणि तो आवाज 'हो अपा, हो अपा' करत गेला. आता तू तिथे राहतेस. मालकीणबाईंना दम्याचा त्रास आहे. तुझ्या खिडकीतून डोंगर दिसतो. मी रोज विचारते आणि ती रोज सांगते, आणि कधी कधी ती असं काही सांगते जे मी सांगितलेलं नसतं. परवा म्हणाली, 'आज हंसांपैकी एक मेला, अपा. अदिना रडली.' मला वाईट वाटलं. खरोखर वाईट वाटलं, त्या हंसासाठी. मग मी उठून तोंडावर पाणी मारलं.

एर्मेक दोनदा तलासला जाऊन आला. मला म्हणाला नाही. पण दुसऱ्या खेपेला त्याच्या गाडीत पांढऱ्या राजम्याचं पोतं होतं.

"हे कुठून?"

"एका गिऱ्हाइकानं दिलं."

मी तो राजमा शिजवला. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून खाल्ला.

त्यानंतर सोमवारी तुझ्या आवाजात प्रश्न आला. पहिल्यांदाच तो आवाज अडखळला. 'अपा, एर्मेकनं माझ्याशी खरंच इतकं वाईट केलं का? तुम्ही तर तिथे होतात.'

मी फोन हातात धरून पडवीत गेले. यंत्र तिथेच आहे, झाकलेलं. मी यंत्रावर हात ठेवला आणि बोलले. 'हो. त्यानं तुला मारलं. मी ऐकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो माझा मुलगा आहे आणि त्यानं तुला मारलं, आणि मी यंत्र फिरवत राहिले.'

चार दिवस काहीच आलं नाही. शुक्रवारी तो आला, ताटाकडे बघून जेवला, माझा फोन पुसला नाही. जाताना दारात थांबला. मला वाटलं आता काही बोलेल. बोलला, "धुराडं नीट चालतंय ना?" मी म्हटलं, चालतंय. शनिवारी पुन्हा तुझा आवाज, 'अपा, जेवलात का?' जसं काही झालंच नाही.

आता भीती वेगळीच आहे, आणि ती उशिरा माझ्या डोक्यात आली. दोन महिने मी त्याला रोज माझा आवाज पाठवतेय. हसून, रडून, खोकून, सगळ्या तऱ्हेनं. तुझे त्याच्याकडे ओंजळभर होते, माझं तर पोतंच भरलंय. उद्या तो माझं तोंड करून तुला हाक मारेल.

म्हणून एक मागते. सासूला आपल्यात नाव ठेवत नाहीत, नुसतं अपा म्हणतात. तू मला एक नाव ठेव. तुझं, शिट्टी-अकेसारखं. कागदावर लिहून पाठव, फोनजवळ कधी बोलू नकोस, पोरीलाही सांगू नकोस. पुढे कुणीही माझ्या आवाजात आलं तर आधी ते नाव विचार.

चांगलंच ठेव असं मी म्हणत नाही.

अपा

१८ जानेवारी, शनिवार

जाझगुल,

आज मामातीसा बाजारात थांबलाच नाही, टेम्पो घेऊन थेट माझ्या दारात आला. मी गोठ्यातून शेण काढत होते. मला बघून त्यानं टोपी काढली आणि फाटकाला धरून उभा राहिला.

"अपा, तुम्ही तर उभ्या आहात," तो म्हणाला.

"मग काय आडवी पडून शेण काढू?"

त्यानं फोन काढला आणि मला ऐकवलं. मी बोलत होते. मीच, जाझगुल. माझा घसा, माझा खोकला, वाक्य संपवताना मी जशी दमते तशी दमलेली. 'मामातीसा, बाळा, माझं काही खरं नाही. डॉक्टरनं हात टेकलेत. सुनेला एकदा बघायचंय. तिला म्हण, एर्मेक इथे नाही, घाबरू नकोस, ये. पोरीला घेऊन ये.' आणि मग मी रडले. मी कशी रडते ते मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फाटकाशी उभं राहून, हातात फावडं घेऊन, मला त्या मरणाऱ्या बाईची दया आली. अक्तोश माझ्याकडे बघायचा, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी तो फोनपाशी गेला.

"तिला सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, अपा. मला काय ठाऊक? बहिणीकडे आली होती, तिला ऐकवलं. दोनदा ऐकलं तिनं. चेहरा पांढराफटक. पोरीचा कोट घालायला लागली होती." मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "मग थांबली आणि म्हणाली, आधी हे तुमच्या हातात द्यायचं. काय ते तुम्ही कागदावर लिहा. आवाजात काही नको."

चिठ्ठी मी आत जाऊन वाचली. तुझं अक्षर अजून घाणेरडंच आहे. एकच ओळ होती, तू ठेवलेलं माझं नाव. खाली ना सही, ना 'कशा आहात'.

वाचून मी खुर्चीवर बसले. मामातीसा बाहेर टायर लाथाडत होता. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. आधी आलाच. ह्या वयात, ह्या घराची सून, आई, दोन लेक वाढवलेली, आणि हे नाव. मग राग गेला. कारण त्या आवाजानं साडेतीन महिने मला 'अपा, अपा' केलं, 'तुम्ही माझ्या सख्ख्या आईसारख्या' म्हटलं, सगळं माफ केलं, आणि त्यातलं एक अक्षर तुझं नव्हतं. हे तुझं आहे. तू मला विसरलेली नाहीस आणि माफही केलेलं नाहीस, म्हणून मी जाणते की तू आहेस.

मी ठणठणीत आहे. सकाळी गायीचं दूध काढलं, पाव केला, तुझ्या भाषेत कडक. येऊ नकोस. मी मरते आहे असं कुणी म्हटलं तर येऊ नकोस. मी मेले असं म्हटलं तरी येऊ नकोस, पुरायला माणसं आहेत. माझा आवाज कितीही रडला तरी त्याला एवढंच विचार, 'तुमचं नाव काय?' तो थांबेल. मग म्हणेल, 'अगं, मी तुझी अपा.' तेव्हा फोन बंद कर आणि पोरीचा कोट काढून खुंटीला लाव.

तलासची खबर मी रोज घेत राहीन. हंस आता तीनच उरलेत. माझ्याशी बोलतो तेवढा वेळ तरी तो दुसरीकडे शोधत नाही, एवढंच माझ्या हातात आहे, आणि ते मी सोडणार नाही. कधी कधी वाटतं, त्याला सरळ समोर बसवून सांगावं, पुरे रे आता. शुक्रवारी तो येतो, मी तोंड उघडते आणि त्याला विचारते, मीठ बरोबर आहे का. ते धैर्य अजून आलेलं नाही. आलं तर लिहीन.

अदिनाच्या नव्या कोटाचं माप दोरीनं घे आणि दोरीच पाठव. ह्या खेपेला बाह्या लांब धरीन.

वाचून झालं की चुलीत टाक.

रिकामं यंत्र फिरवणारी